शेजारच्या अंथरुणावरची साक्ष

दिवाळी अंकात आजारपणाचे बोलू नये, असा एक संकेत आहे. करंज्यांच्या ताटाशेजारी औषधाची बाटली मांडल्यासारखे ते दिसते, हे मलाही कळते. पण दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या खानदेशात जो उद्गार सर्वांत जास्त वेळा कानी पडतो, तो फराळाविषयी नसतो आणि फटाक्यांविषयीही नसतो. तो उद्गार म्हणजे 'थकलो बुवा!' चकल्यांचा घाणा उतरवून उठलेली गृहिणी कमरेवर हात ठेवून तेच म्हणते. लक्ष्मीपूजनाआधी हिशेब जुळवत बसलेला जळगावचा दुकानदार तेच म्हणतो. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई तेच म्हणते, आणि माहेरवाशिणींनी गच्च भरलेल्या एस. टी.त ओरडून ओरडून घसा बसलेला कंडक्टरही तेच म्हणतो.

या सर्वांचा थकवा मला मान्य आहे. तो कष्टाचा आहे, रोखीचा आहे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सकाळपर्यंत त्याची फेड होते. आज ज्या थकव्याविषयी लिहायचे आहे, तो मात्र सावकारी कर्जासारखा. माणूस रात्री दहाला झोपतो, सकाळी सहाला उठतो, आठ तासांची झोप पदरात पडते, आणि तरी उठतो तो शीण घेऊनच. तोंड कोरडे, डोके जड, मन उदास. एका चहाने भागत नाही म्हणून दुसरा चहा. अकरा वाजता कचेरीतल्या कागदावर डोळे मिटतात, दुपारी बसल्या बसल्या मान कलते, संध्याकाळी पोराने गणित विचारले की त्याच्यावर खेकसणे होते. हे एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षे.

अशा माणसाला आपल्याकडे औषध मिळत नाही, विशेषणे मिळतात. आळशी, सुस्त, ऐदी, झोपाळू. उन्हाळा असेल तर दोष उन्हाला. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर जळगावात कोण ताजातवाना राहणार? हिवाळा असेल तर दोष वांग्याच्या भरताला आणि कळण्याच्या भाकरीला. पन्नाशी उलटली असेल तर दोष वयाला. एखादी आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते. सर्वांना विचारून होते, फक्त झोपेला कोणी विचारत नाही. कारण झोप तर उत्तम चाललेली असते! आवाज तिसऱ्या घरापर्यंत जातो आहे. जो इतका घोरतो तो गाढच झोपलेला असणार, असे आपण धरून चालतो.

येथेच सारे चुकते. ते कसे, हे मला धुळ्याच्या आमच्या दाजींमुळे समजले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. वय पंचावन्न, नोकरी सरकारी, अंगाने भरलेले, वृत्तीने सज्जन. कीर्तनात पहिल्या अभंगाला टाळ धरतील आणि दुसऱ्याला डोळे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट पाहता पाहता त्यांची मान खाली गेलेली आम्ही सर्वांनी पाहिली आहे. त्यावर पोरे हसतात, दाजीही हसतात. 'अहो, झोप ही सुखी माणसाची खूण आहे,' असे त्यांचे ठरलेले उत्तर.

अक्कांचा लौकिक निराळा. ती बडबडी म्हणून प्रसिद्ध. धुळ्याहून जळगाव सुमारे ९० किलोमीटर. दाजी गाडी चालवतात, अक्का शेजारी बसते, आणि धुळे सोडल्यापासून पारोळा, एरंडोल करीत जळगाव येईपर्यंत तिचे तोंड म्हणून थांबत नाही. भाच्याचे लग्न, शेजारणीचे भांडण, तुरीच्या डाळीचा भाव, सगळे येते. पण मला एका गोष्टीचे नवल वाटे. लहानपणी आमच्या घरात हीच मुलगी अबोल म्हणून ओळखली जाई. ती इतकी बोलायला कधी लागली? एकदा सहज विचारले, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी बोलायची थांबले की यांची मान खाली येते रे."

एवढेच बोलली आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

या एका वाक्याचा उरलेला अर्धा भाग मला त्याच उन्हाळ्यात कळला. मे महिन्यात आपल्याकडे घरात झोपणे म्हणजे भट्टीत झोपणे. दोन्ही घरची माणसे आमच्या जळगावच्या गच्चीवर ओळीने पसरली होती. गच्चीवरच्या झोपेत खासगी असे काही राहत नाही. कोण कसा घोरतो हे साऱ्या गल्लीला तोंडपाठ असते. दाजींची मालगाडी रात्री अकराच्या सुमारास सुटली. लयीत चालली होती. आणि एकाएकी थांबली. भुसावळच्या अलीकडे सिग्नल न मिळालेल्या गाडीसारखी, मध्येच, निःशब्द. मला बरे वाटले की आता झोप लागेल. पाहतो तो पलीकडे अक्का कोपरावर रेलून उठून बसलेली. ती नवऱ्याच्या छातीकडे बघत होती. छाती हलत होती, पोट ओढले जात होते, पण नाकातोंडातून हवा काही जात नव्हती. पाच, दहा, वीस... मग एक मोठा आचका आला, घशातून फुत्कार निघाला, दाजींनी हात झटकला, कूस बदलली आणि मालगाडी पुन्हा चालू. दाजी जागे झाले नाहीत. अक्का मात्र आडवी झाली ती जरा वेळाने पुन्हा उठण्यासाठीच.

"हे काय गं?" मी हळूच विचारले.

"रोजचंच आहे. श्वास परत आला की मी टेकते. तू झोप."

म्हणजे रस्त्यावर नवरा झोपू नये म्हणून जागी, आणि घरात झोपलेल्या नवऱ्याचा श्वास परत यावा म्हणून जागी. एका माणसाच्या झोपेपायी दोन माणसे वर्षानुवर्षे जागी होती, आणि त्यातला एक जण स्वतःला सुखी झोपाळू समजत होता.

या प्रकाराला डॉक्टर 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. ॲप्निया हा मूळचा ग्रीक शब्द. अर्थ, श्वास नसणे. तो कसा घडतो हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला चटकन समजेल. विहिरीवरच्या मोटारीला पाणी ओढणारी जी नळी असते ती नेहमी टणक घ्यावी लागते. तेथे मऊ नळी जोडली तर मोटारीची ओढ बसताच ती चपटी होईल आणि पाणी बंद पडेल. आपला घसा ही अशीच एक मऊ नळी आहे. जिभेच्या मागच्या भागात तिला हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू तिला ताणून उघडी धरतात. झोपेत स्नायू सैल पडतात. मान जाड असेल, आत चरबी साठली असेल, जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल वाढलेले असतील, किंवा माणूस उताणा झोपून जीभ मागे पडली असेल, तर वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा थरथरत जाते, तेच घोरणे. आणि श्वास आत ओढताच नळीच्या भिंती एकमेकींना चिकटल्या, की आवाजही बंद आणि हवाही बंद.

मग मेंदू काय करतो? रक्तातला प्राणवायू उतरू लागला की तो धोक्याची घंटा वाजवतो, झोप मोडतो. घशाचे स्नायू खडबडून ताठ होतात, आचका देऊन श्वास येतो, काळीज धडधडते, रक्तदाब चढतो. जीव वाचला म्हणून मेंदू पुन्हा झोपतो. हे जागेपण इतके क्षणाचे असते की सकाळी त्याची आठवणही राहत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक श्वास थांबला वा फार कमी झाला की तो एक खंड धरतात. तासाला असे पाचपेक्षा कमी खंड असले तर मोठ्या माणसाच्या बाबतीत काळजी नाही. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम, तिसाच्या पुढे तीव्र. तासाला तीस धरले तर आठ तासांत दोनशे चाळीस. एका रात्रीत दोनशे चाळीस वेळा कोणी खांदा धरून गदागदा हलवले, तर सकाळी तुम्ही किती ताजे उठाल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

या आजाराची सर्वांत मोठी चलाखी अशी की तो ज्याला झाला आहे त्यालाच दिसत नाही. ताप आलेल्याला ताप कळतो, दात दुखणाऱ्याला दात कळतो. येथे रोगी ऐन गुन्ह्याच्या वेळी झोपलेला असतो. त्याला दिसतो तो फक्त दिवसाचा थकवा. डॉक्टरपुढे जाऊन तो थकव्याचेच सांगणार. डॉक्टर शक्तीच्या गोळ्या देणार. खरी हकिगत माहीत असते ती शेजारच्या अंथरुणावरच्या माणसाला. आणि त्या माणसाला दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलेले असते!

कुंभकर्णाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तो सहा महिने झोपे, त्याला उठवायला ढोल वाजवले, हत्ती अंगावरून चालवले. त्याच्या झोपेचे वर्णन सर्वांनी केले. पण त्याच्या बायकोला कोणी विचारले नाही की बाई, हा रात्री श्वास नीट घेतो ना? साहेबाच्या देशातही तीच तऱ्हा. चार्ल्स डिकन्सने 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ साली क्रमशः लिहिली. तीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो दार ठोठावता ठोठावता उभ्या उभ्या झोपतो. वाचक शंभर वर्षे त्याला हसले. पुढे १९५६ साली काही अमेरिकन डॉक्टरांनी एका अतिलठ्ठ, सतत पेंगणाऱ्या रोग्याची हकिगत छापली आणि त्या विकाराला पिकविकचेच नाव दिले. तो विकार आपल्या आजच्या विषयाचा सख्खा शेजारी. त्या रोग्याची कथा ऐकण्यासारखी आहे. गृहस्थ पत्ते खेळायला बसले होते, हातात तीन एक्के आणि दोन राजे, म्हणजे हुकमी डाव. आणि ऐन वेळी ते झोपी गेले. डाव गेला, तेव्हा कोठे त्यांना वाटले की आता डॉक्टरांकडे जावे. माणूस प्रकृतीसाठी जागा होत नाही, पत्त्यांसाठी होतो!

झोपेत श्वास थांबतो हे यंत्रे लावून स्पष्टपणे टिपले गेले ते १९६५ साली, फ्रान्स आणि जर्मनी येथे. पण उपाय? तीव्र रोग्याच्या मानेला भोक पाडून श्वासाची नवी वाट काढणे, हाच तेव्हाचा खात्रीचा उपाय. १९८१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरने पाच रोग्यांवरचा एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. नाकावर मुखवटा बसवायचा आणि छोट्या पंख्याच्या यंत्राने हलक्या दाबाची हवा सतत आत सोडायची. पुन्हा आपल्या मळ्यात चला. केळीच्या बागेत पाणी न्यायला जी चपटी पसरणारी नळी असते, ती रिकामी असताना पट्टीसारखी पडलेली असते. आत दाबाचे पाणी आले की गोल होते. घशाचेही तेच. हवेच्या दाबाने नळी आतून उघडी राहते. या यंत्राला 'सीपॅप' म्हणतात. भोक नाही, टाका नाही.

कोणी म्हणेल, हे साहेब लोकांचे, लोणी-मांस खाणाऱ्यांचे आजार. तसे नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती, नेहमीच्या तपासणीसाठी आलेली होती. त्यांत झोपेतल्या श्वासाचा बिघाड १९.५ टक्क्यांत निघाला, आणि बिघाडाबरोबर दिवसा पेंग येणारे ७.५ टक्के. मग १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वयाच्या ६९व्या वर्षी वारले. त्यांच्या डॉक्टरांनी जी कारणे सांगितली त्यांत या विकाराचे नाव होते, आणि घराघरांतून प्रथमच विचारणा झाली, 'काय हो, झोपेच्या श्वासाचाही आजार असतो?' असतो. त्याने प्रत्येक जण झोपेतच जातो असे मुळीच नाही. पण उपचाराविना तो वाढू दिला तर रक्तदाब आटोक्यात येत नाही, हृदयाचे ठोके चुकण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, मधुमेहाशी त्याचे साटेलोटे असते.

आणि खानदेशच्या दृष्टीने त्याहून जवळचा धोका रस्त्यावरचा. आपल्या दाराशी सुरत-नागपूर महामार्ग आहे, धुळ्यात त्याला मुंबई-आग्रा रस्ता छेदतो. रावेर-यावलची केळी आणि गावोगावचा कापूस घेऊन रात्रभर ट्रक धावतात. ट्रकच्या मागे कितीही लिंबू-मिरच्या बांधा, पुढे बसलेल्याचे डोळे मिटले तर त्यांचा उपयोग नाही. प्रत्येक चालकाच्या शेजारी आमची अक्का बसलेली नसते.

आता एक इशारा. हा लेख वाचून प्रत्येक थकलेल्याने घशाला हात लावू नये. थकव्याची कारणे अनेक. आपल्याकडे बायकांच्या थकव्याचे पहिले कारण पुष्कळदा रक्त कमी असणे हेच असते. थायरॉइड मंदावलेले, साखर वाढलेली, बी-१२ जीवनसत्त्व उतरलेले, मूत्रपिंडाचा त्रास, मनावरचे मळभ, चालू असलेल्या औषधांची सुस्ती, ही सर्व मंडळी थकव्याचाच वेष घेऊन येतात. त्यांच्या तपासण्या साध्या आहेत, त्या आधी कराव्यात. आणि मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहून पाचाला उठणाऱ्याने तर डॉक्टरची फी देण्याआधी घड्याळाकडे पाहावे. प्रत्येक घोरणाराही रोगी नसतो.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. हा फक्त लठ्ठ पुरुषांचा आजार नव्हे. लहान जबड्याचा किडकिडीत माणूसही यात सापडतो. पाळी गेल्यानंतर स्त्रियांत याचे प्रमाण वाढते. पण बाई घोरते हे सांगायची घरातल्यांना लाज, म्हणून तिचा थकवा 'घरकामाचा' ठरून जातो. लहान मूल रोज तोंड उघडे टाकून घोरत असेल आणि दिवसा चिडचिडे, अभ्यासात मागे पडत असेल, तर त्याला रागावण्याआधी त्याचे टॉन्सिल आणि नाकामागची गाठ डॉक्टरांना दाखवावी.

घरच्या घरी अंदाज कसा घ्यावा? मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली एक साधी प्रश्नावली केली. आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ते आपल्याकडच्या वेषात असे सांगता येतील: वर्तमानपत्र वाचताना, दूरदर्शन पाहताना, सभेत किंवा कीर्तनात गप्प बसलेले असताना, तासभर दुसऱ्याच्या गाडीत बसून जाताना, दुपारी आडवे झाले असता, कोणाशी बोलत बसले असताना, जेवणानंतर शांत बसले असताना (दारू न घेता, बरे का!), आणि गाडी फाटकाशी मिनिटभर थांबली असता डुलकी लागते का? कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, हमखास, असे गुण द्यायचे. बेरीज चोवीसपैकी दहाच्या पुढे गेली तर डॉक्टरांना भेटावे. बेरीज कमी आली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये; पेंग न येताही हा आजार असू शकतो.

याला जोडून आणखी काही खुणा: मोठ्याने घोरणे, आवरत नसलेला रक्तदाब, रात्री लघवीसाठी वारंवार उठणे, सकाळी डोके दुखणे, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे १६ इंचांच्या पुढे असणे. शर्टाचे वरचे बटण लागेनासे झाले की शिंप्याला दोष देऊ नये. आणि सर्वांवर कडी करणारी खूण एकच, झोपेत याचा श्वास थांबतो असे कोणी डोळ्यांनी पाहिलेले असणे.

दाजींची बेरीज सतरा आली. तरी ते ऐकेनात. "घोरण्यासाठी कोणी दवाखान्यात जातं का? लोक हसतील." हे खरे कुलूप आहे. पोटदुखी सांगायला लाज नाही, गुडघेदुखी सांगायला लाज नाही. घोरणे मात्र विनोदाचा विषय, आणि विनोदाचा विषय झालेल्या माणसाला रोगी होण्याचा हक्क राहत नाही. शेवटी अक्काने एक केले. मोबाइलवर रात्रीचा आवाज धरून ठेवला, दोन मिनिटांचा. सकाळी चहाबरोबर ऐकवला. मालगाडी चालली, थांबली. त्या शांततेत दाजींनी कप खाली ठेवला. "पुढे काय झालं?" त्यांनी विचारले. स्वतःच्याच श्वासाची वाट पाहत बसलेला माणूस मी प्रथमच पाहत होतो. आचका ऐकू आला तेव्हा ते इतकेच म्हणाले, "हे तू रोज ऐकतेस?"

अक्का काही बोलली नाही. उठून तिने दुसरा चहा टाकला.

तपासणी नाशिकला झाली. अंगाला तारा, बोटाला चिमटा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, असे एक रात्र झोपायचे. दुखत काही नाही. फक्त माणूस विजेच्या खांबासारखा दिसतो. काही रोग्यांना हीच तपासणी लहान यंत्र देऊन घरीही करता येते. दाजींचा आकडा तासाला अडतीस निघाला. मग यंत्र आले. यंत्र स्वस्त नाही. काही ठिकाणी ते आधी भाड्याने वापरून पाहता येते, तसे पाहावे. पहिले पंधरा दिवस दाजी वैतागले. मुखवटा टोचतो, नाक कोरडे पडते, वीज गेली की पंचाईत. पुष्कळ लोक याच पंधरवड्यात यंत्र कपाटात टाकतात. मुखवट्याचा आकार बदलला, हवा दमट करण्याची सोय लावली, तसे ते रुळले. अक्काची अडचण वेगळीच झाली. तिला शांततेमुळे झोप येईना! आवाज नाही म्हटल्यावर ती उठून पाही, श्वास चालू आहे ना?

यंत्र हा एकच मार्ग नव्हे. सौम्य आजारात कुशीवर झोपल्यानेही फरक पडतो. बंडीच्या पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवला की माणूस उताणा होतच नाही. दंतवैद्य जबडा जरा पुढे धरणारी पट्टी करून देतात. काहींना शस्त्रक्रिया उपयोगी पडते. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर श्वास थांबण्याचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने उतरते, असे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत २००० साली दिसले. रात्रीची दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी या दोन्ही गोष्टी घसा आणखी सैल करतात. 'नीट झोप लागत नाही' म्हणून त्या घेणे म्हणजे आगीवर रॉकेल. जायचे कोणाकडे? कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१८ पासून जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; सुरुवातीचा सल्ला तेथेही मिळेल. मात्र एकटे जाऊ नका. शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर घ्या आणि आधी त्याला बोलू द्या.

दाजी काही पंचविशीचे झाले नाहीत. रक्तदाबाची गोळी चालूच आहे, वजनाशी झटापट चालूच आहे. पण गेल्या महिन्यात दोघे धुळ्याहून आले, तेव्हा गाडी दारात थांबली तरी अक्का उतरेना. मी खिडकीशी गेलो. दाजींनी ओठांवर बोट ठेवले. पारोळा सुटल्यापासून ती झोपली होती.

तर वाचक हो, या दिवाळीत तुमच्या घरी पाहुणे येतील. खोल्या अपुऱ्या पडतील, बैठकीत सतरंज्या अंथरल्या जातील, मेहुणे, साडू, काका, आत्या ओळीने झोपतील. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्यासाठी उठवायला तुम्ही लवकर जाल. त्या वेळी दिवा लावायची घाई करू नका. दहा मिनिटे अंधारात बसून ऐका. कोण घोरतो याकडे लक्ष देऊ नका; घोरता घोरता कोण गप्प होतो, तिकडे द्या. आणि भाऊबिजेला बहिणी भावाला ओवाळतीलच, तेव्हा ताटातली ओवाळणी उचलण्याआधी त्याला एवढे सांगावे: 'दादा, रात्री तुझा श्वास थांबतो. मी पाहिलं आहे.' हसण्यावारी नेऊ लागला तर दोन मिनिटांचा आवाज ऐकवावा.